संशय कोणावर, पुरावा कोणी द्यावा?



हमालांच्या संघटनेत ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत हेरकथांवर बोलावे, हे कित्येकांना विपरीत वाटेल. पण आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कळमन्याच्या बाजारात पोत्यांच्या थप्पीला टेकून पुष्कळ झाले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आम्ही दुपारच्या सुटीत एकमेकांच्या हातून ओढून घेऊन वाचीत असू. त्यांत साहसाला तोटा नव्हता. परंतु संशय आला म्हणजे निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझे कोणी वाहावे, हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला तो अमेरिकेतल्या एका ज्यू हेराने. ते पुस्तक आम्ही शब्दकोश उशाशी घेऊन वाचले.

त्याचे लेखक हॅरी केमेलमन. बॉस्टनला जन्मलेले, पेशाने शिक्षक. उपनगरात राहणाऱ्या ज्यू समाजावर त्यांनी आधी एक साधी कादंबरी लिहिली होती. ती कोणी छापली नाही. हाच समाज हेरकथेत आणा, अशी सूचना त्यांना झाली, आणि 1964 साली रब्बी डेव्हिड स्मॉल याची पहिली कथा बाहेर आली. उत्तम पहिल्या रहस्यकादंबरीचे एडगर पारितोषिक तिला मिळाले. पुढच्या पुस्तकांच्या नावांत एकेक वार गुंफलेला आहे. पहिल्यात शुक्रवार, दुसऱ्यात शनिवार, असा आठवडा भरत गेला.

रब्बी म्हणजे पुजारी नव्हे. तो धर्मशास्त्राचा पंडित आणि तंटे तोडणारा. तालमूद या ग्रंथाच्या अभ्यासात एका वाक्याचे दहा अर्थ काढायचे आणि प्रत्येकावर आक्षेप घेऊन पाहायचा, अशी जुनी शिस्त आहे. स्मॉल हीच शिस्त खुनाच्या तपासाला लावतो. त्याच्यापाशी पिस्तूल नाही आणि वेषांतरही नाही. 'हे खरे मानले, तर त्या दुसऱ्या गोष्टीचे काय?' एवढेच तो विचारीत राहतो.

पहिल्याच कथेत प्रार्थनामंदिराच्या आवारात एका तरुणीचे प्रेत सापडते आणि तिची हातातली पिशवी निघते रब्बीच्याच मोटारीत. त्या रात्री तो उशिरापर्यंत एकटाच अभ्यासिकेत वाचीत होता. साक्षीदार कोण? ग्रंथ! शिवाय त्याची नेमणूक कराराची; ती वाढवावी की नाही यावर मंडळात दोन तट पडलेले. कपडे चुरगळलेले, बोलणे रोखठोक, म्हणून तो काहींना नकोसा झाला होता. नोकरी मुदतीची आणि मालक अनेक, ही अवस्था आम्हा कामगारांना नवी नाही. पोलिसप्रमुख लॅनिगन कॅथलिक आहे. पण तो रब्बीशी बोलत बसतो, त्याची रीतभात समजून घेतो, आणि तेथूनच तपासाला वाट फुटते. खुनी कोण, ते आम्ही सांगणार नाही; पुस्तक मिळवून वाचावे.

आता याहून जवळची गोष्ट ऐका. आपल्या कोकणात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्रायल राहत आले. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. हा बंद घाणा म्हणजे मोठाच धागा होता, पण तो ओळखणारा कोणी नव्हता. परंपरा अशी सांगते की डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू पाहुणा आला आणि त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्माचा नियम नेमका तोच. पाहुण्याची खात्री पटली. कोणत्याही हेरकथेत शोभेल असा हा तपास स्वयंपाकघरात झाला, आणि त्याने माणसे आपल्यांत घेतली.

पण तोच तपास उलट्या हेतूनेही करता येतो. बेने इस्रायल पुढे इस्रायलमध्ये जाऊन राहिले. 1962 साली तेथील मुख्य रब्बींनी हुकूम काढला, की त्यांच्यापैकी कोणाचा इतर ज्यूंशी विवाह नोंदवायचा तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. गुन्हा काहीच नाही, तरी सगळी जमात संशयित! ज्यांनी शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्यांनी आता आज्यापणज्यांचे पुरावे कोठून आणावेत? 1964 च्या उन्हाळ्यात या मराठी माणसांनी यरुशलेमात धरणे धरले. त्या ऑगस्टात तेथल्या संसदेने ठराव करून ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे सांगितले, आणि पुढे हुकुमातून त्यांच्या जमातीचे नाव गेले. अमेरिकेत रब्बी स्मॉल जन्मला तेही हेच वर्ष. कादंबरीत एका रब्बीवरचा संशय पुराव्याने फिटत होता, आणि इकडे रब्बींनीच घेतलेला संशय फेडायला माणसांना रस्त्यावर बसावे लागत होते.

आमच्या बाजारातही एकदा असेच घडले. एका अडतदुकानी तुरीची पोती हिशेबात कमी भरली. सहा हमाल त्या दिवशी कामावर नव्हते. झाले, चोर तेच ठरले. आम्ही म्हटले, आधी दिनदर्शिका पाहा. पोळ्याची कर होती. पोरे मारबत पाहायला गेली होती. मग आवकेची वही मागितली. एकाच गाडीची पोती दोन पानांवर दोनदा चढलेली निघाली. जी पोती आलीच नव्हती, ती चोरणार कोण? सहाही जण कामावर परत आले. पण दोन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच, आणि मोहल्ल्यात गेलेली अब्रू वहीत दुरुस्ती करून परत येत नाही.

म्हणून आम्ही हेरकथेला रिकामटेकड्यांची करमणूक समजत नाही. ज्याच्या घरी शनिवारी घाणा का थांबतो हे आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या थांबण्याचा आपण भलताच अर्थ लावतो. संशय घेणे फुकट असते; पुरावा काढायला मेहनत पडते. ती मेहनत संशय घेणाऱ्याने करावी, संशयिताने नव्हे. हा न्याय रब्बीला लागू, तेल्याला लागू, आणि पाठीवर पोते वाहणाऱ्यालाही लागू.