शिळ्या पावाचा जमाखर्च

तालुक्याच्या गावी बेकरी चालविणाऱ्या गृहस्थाचा खरा प्रतिस्पर्धी पलीकडच्या आळीतील दुकानदार नसून, भट्टीतून बाहेर पडल्या क्षणापासून पावाला ग्रासू लागणारे शिळेपण हाच होय. पाव वाळतो म्हणून शिळा होतो, ही सार्वत्रिक समजूत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच खोडून काढली. हवाबंद ठेवलेला, पाणी न गमावलेला पावही कठीण होतो, आणि पुरेसा तापविला की पुन्हा मऊ पडतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. याचे कारण मैद्यातील पिष्टात आहे: भाजताना पाणी पिऊन विस्कटलेले त्याचे रेणू थंड होताच पुन्हा रांगेत बसू लागतात, आणि ही क्रिया शून्य अंशाच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानात, फार वेगाने चालते. पाव तेथे जपून ठेवणाऱ्यांना हे कोणीतरी सांगावयास हवे!

बेकरीवाल्याला रेणूंची ही हकीकत ठाऊक नसली, तरी तिचा जमाखर्च तोंडपाठ असतो. बाजाराच्या दिवशी किती लाद्या लावाव्यात, एकादशीला किती कमी कराव्यात, पावसाच्या झडीत काय करावे, हा अंदाज चुकला की रात्रीची शिल्लक काप करून मंद आचेवर पुन्हा भाजावी लागते. पाणीच फारसे न उरल्याने बुरशीलाही थारा मिळत नाही, आणि एका दिवसाचा माल टोस्ट होऊन डब्यात कित्येक आठवडे टिकतो. भट्टीची उरलेली धग त्यास पुरत असल्यामुळे सरपणाचा निराळा खर्च खतावणीत पडत नाही, आणि चहात टोस्ट बुडविणाऱ्या गिऱ्हाइकाचीही त्याबद्दल कसली तक्रार नसते.