माग मिळाला, सूत कुठलं?

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांबाहेर कातरणाची पोती पडलेली असतात. त्यातली एक चिंधी उचलून कडेचे दोरे नखाने ओढा. एका बाजूने निळा दोरा निघतो, दुसरीकडून पांढरा. निळा तो ताणा, मागावर उभा ताणलेला. पांढरा तो बाणा, धोट्याबरोबर आडवा धावलेला. निळा दोरा बहुधा तीन पांढऱ्यांवरून जाऊन एकाखाली दडतो, म्हणून जीन्स वरून निळी आणि आतून फिकट. विणकामाचा पहिला धडा इतका स्वस्तात कुठे मिळणार नाही. दुसरा मात्र या गल्लीत मिळत नाही: हा दोरा मुळात झाला कसा?

गावात हातमाग शिकवायचे वर्गही बहुतेक वेळा इथेच अडतात, असं माझं मत आहे. माग येतो, शिकवणारा येतो, सूत गिरणीचं येतं. पावडी दाबायची, धोटा फेकायचा, हे हातापायांना सरावाने जमतं. सूत संपलं की माग मुका.

हे दुखणं जुनं आहे. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिणाऱ्या गांधीजींनी तोवर ना माग नीट पाहिला होता ना चरखा. ही कबुली त्यांनी आत्मकथेत स्वतःच दिली आहे. पुढे त्यांच्या आश्रमात माग आले, पण विणता कुणालाच येईना. पालनपूरहून एक जाणकार आणला, तर त्याने आपली सगळी विद्या काही दिली नाही. आश्रमातल्या मगनलाल गांधींनी चिकाटीने ती हस्तगत केली. मग लक्षात आलं की सूत गिरणीचंच आहे. म्हणजे आपण गिरण्यांचे बिनपगारी एजंट! गंगाबेन मजमुदारांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखा शोधून काढला, तर पेळू, म्हणजे कातायच्या पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, पुन्हा मुंबईच्या गिरणीतून. गिरणीचा पेळू चालतो तर गिरणीचं सूत का नको, या प्रश्नाने गांधीजी अस्वस्थ झाले आणि कापूस पिंजणाऱ्याचा शोध सुरू झाला. मागापासून सुरू झालेलं शिक्षण असं पावलापावलाने मागे, कापसापर्यंत गेलं.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम आली, हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी गेला. साठी ओलांडलेल्या अनेकांना शाळेतली टकळी आठवत असेल: पेळू हातात, दोरा सारखा तुटतोय आणि गुरुजींचं लक्ष घड्याळाकडे. तो पेळू ज्या कापसाचा, तो कापूस लोढताना, पिंजताना किती मुलांनी पाहिला असेल? मगनलालांच्या नावाचं मगन संग्रहालय १९३८ मध्ये वर्ध्यातच उभं राहिलं. तिथे खादीकडे शेतापासून पाहायची रीत आहे आणि मला ती पटते. गावरान कापसाचा धागा आखूड. गिरणीला लांब धागा हवा, म्हणून हा तिच्या नावडीचा; चरख्यावर बसलेला माणूस मात्र हाताचा ताण कमीजास्त करून तो सांभाळून घेतो.

याच्या अगदी उलट टोक उल्हासनगरच्या वेशीवर, शहाडला आहे. तिथल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवून बारीक छिद्रांतून आम्लात सोडतात आणि अखंड धागा निघतो. ना लोढणं, ना पिंजणं, ना कातणं.

झाडाच्या धाग्याला मात्र स्वभाव असतो. केळीच्या सोपटाचा वाख चकाकतो छान, पण तो ताठ. ताण्यात भरला तर फणीच्या घासण्याने तुटतो, म्हणून ताणा सुताचा आणि केळ बाण्यात, अशी तडजोड करावी लागते. ताग आधी पाण्यात कुजवावा लागतो. साल सैल झाल्याशिवाय तो धागा सोडत नाही. हे फळ्यावर लिहून कळत नाही, बोटांना कळावं लागतं.

घोंगडीइतकं हे कुठेच स्वच्छ दिसत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. धनगर बायका ती कातत. विणायचं काम खुटेकर धनगरांचं नाहीतर सनगरांचं. असा केसाळ ताणा तसाच मागावर चढवला तर दोरे एकमेकांत गुंततात. म्हणून चिंचोके भाजायचे, सोलायचे, दळायचे, शिजवून खळ करायची. ताणा उन्हात लांब ताणून ती कुंच्याने अंगभर पाजायची. केस खाली बसतात, दोरा काठीसारखा ताठ होतो. खळ पातळ झाली तर केस पुन्हा उठतात, घट्ट झाली तर दोरा कडकडून मोडतो. नेमकी किती, हे हातच सांगतो. घोंगडी भिजली की खळ सुटते आणि लोकर मऊ पडते.

घोंगडी शिकवायचे वर्ग आजही भरवता येतील. खड्डामाग जाणणारी माणसं अजून आहेत. पण मेंढपाळाला आता पैसा मांसात मिळतो. माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या, अंगाने भरणाऱ्या मेंढ्या कळपात वाढल्या. दख्खनी मेंढी कातरावी तर लागतेच, पण लोकरीचा भाव कातरणाऱ्याची मजुरीही फेडत नाही. कातरलेली लोकर मग कितीदा तशीच माळावर टाकून कळप पुढे निघतो.