खेळणे नव्हे, यंत्र होय! : इंजिनवाले हेलिकॉप्टर विकणाऱ्या व हाताळणाऱ्यांसाठी चार गोष्टी

व्यापारी बंधूंनो, आमचा धंदा कापडाचा. परंतु यंत्रमागाच्या पट्ट्याजवळ ज्याने उमर काढली, त्याला फिरणाऱ्या वस्तूची अदब शिकवावी लागत नाही. रेडिओच्या लहरींवर चालणारी छोटी इंजिनवाली हेलिकॉप्टरे आपल्याकडील काही दुकानांतून खेळण्यांच्या रांगेत ठेवली जातात, आणि गिऱ्हाईक ती मुलांसाठी घेऊन जाते. विकणाऱ्याने हा माल नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

जर्मनीच्या डीटर श्लुटर यांनी १९७० च्या सुमारास असे हेलिकॉप्टर यशस्वीपणे उडविले व पुढे त्याचे सुटे संच बाजारात आणले. जपानच्या यामाहा कंपनीने १९८७ साली आर-५० नावाचे मोठे यंत्र भातशेतीवर औषध फवारण्यासाठी आणले. ते २० किलो वजन उचलत असे. २००० नंतर विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरांनी शौकिनांचा बाजार बराचसा काबीज केला. तरी इंजिनवाला माल शौकिनांकडे आहे, आणि जुना माल हातोहात फिरतो तेव्हा त्याबरोबरचे माहितीपुस्तक बहुधा हरवलेले असते. धोका तेथेच आहे.

पात्याचा हिशेब

साधारण ५ सीसी इंजिनाच्या हेलिकॉप्टरची पाती टोकापासून टोकापर्यंत सुमारे १.२ मीटर भरतात. ती मिनिटाला १,७०० फेरे घेत असतील तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटर होतो. असे पाते बोटावर बसले तर बोट राहत नाही, डोक्यावर बसले तर जीव जातो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक १९ वर्षांचा तरुण आपल्याच हेलिकॉप्टरच्या पात्याने दगावला. पात्याला इंजिन काय आणि वीज काय, दोन्ही सारखेच.

इंधन

यात पेट्रोल नव्हे, तर मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांचे मिश्रण घालतात. मिथेनॉल जहर आहे, पोटात गेल्यास डोळे जातात. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही, म्हणून आग लागली हे कळण्याआधीच हात भाजतो. ते हवेतील ओल शोषते, सबब झाकण घट्ट हवे. डब्यावर नाव लिहावे, पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.

सुरू करण्याआधी

पात्यांचे बोल्ट, दांड्यांचे सांधे व शेपटीचा पंखा एकेक करून हाताने तपासावा. पात्याला चीर वा कपचा दिसला तर ते पाते फेकून द्यावे. चिकटवून चालविण्याची कंजुषी महागात पडते. दोन्ही पाती तोलात हवीत, नाहीतर सारे यंत्र थरथरते व टाकीतील इंधनाला फेस येतो. दोन्हीकडच्या बॅटऱ्या भरलेल्या असाव्यात.

सुरू करण्याची तरतीब

आधी हातातील ट्रान्समीटर चालू करावा, मग हेलिकॉप्टरमधील रिसीव्हर. बंद करताना उलट: आधी रिसीव्हर, मग ट्रान्समीटर. जुन्या ३५ वा ७२ मेगाहर्ट्झच्या सेटवर एकाच वाहिनीवर दोघे आले तर यंत्र काबूबाहेर जाते, म्हणून मैदानावर आधी विचारून घ्यावे.

थ्रॉटलची दांडी अगदी खाली आहे आणि वेग वाढविणारी कळ बंद आहे, हे दोनदा पाहावे. मग एका हाताने पात्यांचा मधला गड्डा घट्ट पकडावा. इंजिन सुरू होऊन पुढील काम होईपर्यंत ही पकड सोडायची नाही. त्यानंतर ग्लो-प्लगला दीड व्होल्टची बॅटरी जोडून स्टार्टर लावावा.

स्टार्टर अडखळला तर जोर लावू नये. सिलिंडरमध्ये इंधन जास्त साचले असेल तर आतील दांडा वाकतो. अशा वेळी प्लग काढून, तोंड बाजूला ठेवून, इंजिन फिरवून इंधन बाहेर काढावे. इंजिन सुरू होताच भडकले व क्लच पकडू लागला तर गड्डा न सोडता इंधनाची नळी चिमटीत दाबावी. इंजिन बंद पडते.

सर्व ठीक असेल तर प्लगची बॅटरी काढावी आणि गड्डा धरूनच हेलिकॉप्टर मोकळ्या जागी न्यावे. ट्रान्समीटर असा धरावा की दांडीला कपड्याचा धक्का लागणार नाही. खाली ठेवून किमान १० मीटर मागे सरावे, शेपूट आपल्याकडे असावी, बघ्यांना आपल्याही मागे उभे करावे, आणि मगच वेग वाढवावा.

उतरल्यावर पाती पूर्ण थांबेपर्यंत कोणी जवळ जाऊ नये. धुराडे बराच वेळ तापलेले असते. पडत्या हेलिकॉप्टरला हाताने झेलणे म्हणजे निव्वळ नादानी.

दुकानदाराची जिम्मेदारी

भारतात ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत व वैमानिकाविना उडणारी यंत्रे त्यांच्या कक्षेत येतात. विमानतळाच्या आसपासचा इलाखा लाल वा पिवळ्या पट्ट्यात मोडतो. उडविण्यापूर्वी सरकारी डिजिटल स्काय नकाशा पाहावा, हे गिऱ्हाइकाला सांगावे. गच्ची, मोहल्ल्यातील गल्ली, शाळेचे पटांगण या यंत्राच्या जागा नव्हेत.

नवशिक्याने आधी संगणकावरील सरावाने हात बसवावा, मग जाणत्या उस्तादाजवळ उभे राहून शिकावे. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनीही यंत्र परत देताना नळी, क्लच व पाती तपासल्याचे पावतीवर लिहून द्यावे.

कापडात खोट निघाली तर तागा बदलून देता येतो. येथे तुटलेले बोट कोणी बदलून देणार नाही. म्हणून माल देताना पाच मिनिटे खर्च करून वरील तरतीब गिऱ्हाइकाकडून एकदा करवून घ्यावी, आणि लहान मुलासाठी कोणी मागितले तर सरळ नकार द्यावा. एक विक्री गेली तरी दुकानाची पत राहते.