सोळाच्या जागी शंभर नको

क्वाड टू उलटा करून खालचा पत्रा काढला की आत कपॅसिटर अगदी मोजके दिसतात. ०.१ मायक्रोफॅरडचे तीन, २५ चा एक आणि १६ अधिक १६ चा एक डबा. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी १९५३ मध्ये बाजारात आणलेला हा १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर. स्टिरिओसाठी दोन लागतात, म्हणून जुन्या घरांतून येतात ते बहुधा जोडीनेच. सुटे भाग बदलायला फार वेळ लागत नाही. कुठले घालायचे, यावर मात्र मालकाशी बराच खल होतो, कारण त्याला हवे असतात ‘भारीतले’.

सगळ्यात आधी बघायचे ते ०.१ च्या तिघांपैकी दोन. त्यांच्या एका टोकाला ईएफ८६ या इनपुट व्हॉल्व्हच्या ॲनोडचा चढा डीसी, दुसऱ्या टोकाला केटी६६ या आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड. गाणं पुढे सोडायचं आणि डीसी अडवायचा, एवढंच काम. ग्रिडपासून चॅसीपर्यंत ६८० किलोओहमचा रेझिस्टर आहे. कपॅसिटरमधून एक मायक्रोॲम्पिअर जरी झिरपला तरी ग्रिडवर ०.६८ व्होल्ट उभे राहतात. दहा झिरपले तर जवळजवळ सात. या केटी६६ चा सगळा बायस आहे २६ व्होल्टच्या आसपास. दोन्ही केटी६६ चा कॅथोड रेझिस्टर एकच असल्यामुळे एक व्हॉल्व्ह जास्त ओढू लागला की दुसरा उपाशी राहतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधला तोल जातो. तो ट्रान्सफॉर्मर जळला तर मग कपॅसिटरच्या किमतीबद्दल कोणी बोलत नाही.

साध्या मीटरला ही गळती दिसत नाही. तो दोन-तीन व्होल्टवर मोजतो आणि जुना कागदी कपॅसिटर ०.१२ दाखवून ठणठणीत असल्याचं भासवतो. खरं तर वाढलेला आकडा हीच गळतीची चाहूल असू शकते. म्हणून मी ग्रिडकडचं टोक सोडवतो, ॲम्प्लिफायर चालू करतो आणि ते मोकळं टोक व चॅसी यांच्यामध्ये डीसी मोजतो. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम, म्हणजे १० व्होल्ट दिसले की एक मायक्रोॲम्पिअर गळतोय. (हे एका हाताने, दुसरा खिशात. आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही डब्यात उरू शकतात.)

नवा घालायचा तो पॉलिप्रॉपिलीनचा, ०.१ चाच, ६३० व्होल्टचा. ‘खर्ज वाढेल’ म्हणून ०.४७ घाला असं सुचवणारे भेटतात. ६८० किलोओहमबरोबर ०.१ ची मर्यादा २.३ हर्ट्झवर येते. कानाला २० च्या खालचं ऐकू येत नाही. मोठा घातला की फीडबॅकच्या फेऱ्यातलं खालच्या टोकाचं गणित मात्र बिघडतं, आणि स्पीकरमधून होडीच्या इंजिनासारखं फटफट सुरू होऊ शकतं. तेलात बुडवलेल्या, हजारोंच्या कपॅसिटरचं म्हणाल तर मला त्यांचा फरक ऐकू आलेला नाही, जागेची अडचण तेवढी दिसली.

डब्यातल्या इलेक्ट्रोलायटिकचा मोह याहून मोठा. १९५३ मध्ये १६ मायक्रोफॅरडला एवढा डबा लागायचा. आज ४५० व्होल्टचा १०० त्याच डब्यात सहज मावतो. मग का नको? एक तर जीझेड३२ रेक्टिफायरला दर अर्ध्या आवर्तनाला करंटचे जास्त उंच झटके द्यावे लागतात, आणि ट्रान्सफॉर्मरचं वेटोळंही तापतं. दुसरं म्हणजे त्यातून फारसं हाती लागत नाही. आउटपुटच्या व्हॉल्व्हना वीज या पहिल्या सोळातूनच थेट मिळते, त्यापुढच्या चोकची गाळणी फक्त स्क्रीनच्या आणि ईएफ८६ च्या वाट्याला येते. पण दोन केटी६६ च्या पुश-पुल जोडीत उरलासुरला हम दोन्ही बाजूंना सारखाच पोचतो आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकाला खोडतो. वॉकर यांनी १६ वर भागवलं ते समजून-उमजून.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर १६ चा मागितला तर २२ चा हातात पडतो. तो चालतो, जुन्या इलेक्ट्रोलायटिकमध्ये छापील आकड्याहून एवढा फरक मूळचाच असायचा. व्होल्टेज मात्र ५०० चं घ्यावं, कारण माझ्याकडे रात्री उशिरा मेन्स २४० च्या वर जातो. तापमान १०५ अंशांचं, कारण शेजारी केटी६६ तापलेले असतात आणि दर १० अंश कमी तापल्यास आयुष्य साधारण दुप्पट होतं. ‘जुना माल, पण न वापरलेला’ असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून निघावं. नुसतं पडून राहूनही आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो. मोठ्या वेष्टनात लहान कपॅसिटर घातलेला मालही मिळतो, म्हणून कपॅसिटन्स मोजणारा मीटर खिशात ठेवून दुकानातच मोजलेलं बरं. नवे दोन जुन्या डब्यात बसवले की बाहेरून काही बदललेलं दिसत नाही.

उरला कॅथोडवरचा २५ चा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही, ६३ व्होल्टचा आणि १०५ अंशांचा घ्यावा. त्याच्या शेजारचा १८० ओहमचा रेझिस्टर मात्र २६ व्होल्टवर जवळजवळ पावणेचार वॉट जिरवतो आणि बहुधा भाजून काळवंडलेला असतो. तिथे ओहम तेवढेच ठेवून मी दहा वॉटचा घालतो. मालकाला काही तरी भारीतलं टाकल्याचं समाधानही मिळतं.