लशीतला पारा किती घातक?

अंगणवाडीत नर्सताई पेंटाव्हॅलंट लशीच्या एकाच बाटलीतून अनेक बाळांचे डोस काढतात. सुई दर वेळी रबरी बुचातून आत जाते. तिच्यासोबत जंतूही शिरू शकतात. १९२८ साली ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गमध्ये अशाच दूषित बाटलीतल्या लशीने १२ मुले दगावली. जंतूंची वाढ रोखायला अशा लशींत थायोमर्सल हे पारायुक्त संरक्षक किंचित घालतात.

पारा म्हटले की धडकी भरते. पण माशांत साठणारा, मेंदूला घातक पारा मिथाइल रूपातला; थायोमर्सलमधून सुटतो तो इथाइल. विषारी दारूतले मिथाइल अल्कोहोल आणि सॅनिटायझरमधले इथाइल अल्कोहोल यांत असतो, तसाच हा फरक. इथाइल पारा रक्तात साधारण आठवडाभरात निम्म्यावर येतो नि विष्ठेवाटे बाहेर पडतो. मिथाइलला महिना-दीड महिना लागतो.

गोवर-रुबेलाच्या लशीत थायोमर्सल नसतेच. ते घातले तर त्यातले जिवंत विषाणू निकामी होतील. संरक्षक नसल्याने ती बाटली कालवल्यावर चार तासांत वापरावी लागते.