सिनेमाचे पान कोणाच्या हाती?

वर्तमानपत्र हाती पडले की बहुसंख्य वाचक आधी कोणते पान उघडतात, हे वर्तमानपत्र काढणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. अग्रलेखाचे पान भारदस्त खरे, पण घरातली आजी, कॉलेजात जाणारी मुलगी, रिक्षाच्या रांगेत थांबलेला चालक या सगळ्यांची नजर प्रथम जाते ती सिनेमाच्या पानावर. असे असूनही वृत्तपत्राच्या कचेरीत या पानाला मान नाही. राजकारण, गुन्हेगारी, न्यायालय ही 'जबाबदारीची' कामे पुरुषांकडे आणि सिनेमा, पाककृती, फॅशन ही 'हलकीफुलकी' कामे बायकांकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. चूल आणि मूल यांची वाटणी ज्या डोक्यातून निघाली, त्याच डोक्यातून ही वाटणीही निघाली, हे सांगायला कोणा विद्वानाची गरज नाही.

या विषयावर आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, त्याला कारण आहे. आपल्या वस्त्यांमधल्या अनेक मुली आज पत्रकारितेचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींना सिनेमा, नाटक, मालिका या क्षेत्राची पत्रकारिता करायची आहे. घरचे विचारतात, यात पोट भरेल काय? चळवळीतले ज्येष्ठ विचारतात, नटनट्यांच्या भानगडींशी आपल्याला काय करायचे? हे दोन्ही प्रश्न टाळण्यासारखे नाहीत.

हलक्या पानावर उभी राहिलेली कर्तबगारी

आधी पहिला प्रश्न घेऊ. या क्षेत्रात स्त्रियांनी नाव आणि स्थान मिळवले आहे काय? मिळवले आहे, आणि ते फार पूर्वीपासून. बाबूराव पटेलांनी १९३५ साली 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले. त्यांच्या लेखणीचा धाक मोठमोठ्या निर्मात्यांना होता. त्या मासिकाच्या उभारणीत त्यांच्या पत्नी सुशीलाराणी यांचा मोठा वाटा होता. पण 'फिल्मइंडिया' म्हटले की आजही नाव निघते ते एकट्या बाबूरावांचे. पुढे देवयानी चौबळ यांनी 'स्टार अँड स्टाइल'मध्ये स्वतःच्या नावाने सदर चालवले आणि भल्याभल्या नटांना घाम फोडला. १९७१ साली 'स्टारडस्ट' निघाले तेव्हा त्याची सूत्रे शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे, यांच्या हाती होती. त्या वेळी त्या पंचविशीच्याही आत होत्या. भावना सोमय्या यांनी बातमीदारीपासून सुरुवात केली, 'स्क्रीन'चे संपादकपद सांभाळले आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अनुपमा चोप्रा यांनी 'शोले' कसा घडला यावर लिहिलेल्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या नावांकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, ज्यांनी केवळ कुजबुज छापली त्यांचा बोलबाला काही वर्षे झाला. पण ज्यांनी सिनेमाचा अभ्यास केला, नोंदी ठेवल्या, पुस्तके लिहिली, त्यांचे काम टिकले. कुजबुजीने नाव होते, अभ्यासाने कारकीर्द होते. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. यातल्या बहुतेकींच्या पाठीशी इंग्रजी शिक्षण आणि मुंबईतले घर होते. त्यामुळे त्यांच्या कष्टाचे मोल कमी होत नाही. बाई म्हणून त्यांनीही सोसलेच. पण त्यांच्यासमोर एकच भिंत होती. आपल्या मुलीसमोर दोन आहेत.

दुसरी भिंत

१९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीच्या अधिस्वीकृत पत्रकारांमध्ये एक तरी दलित पत्रकार सापडतो का, याचा शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही. त्यांनी ही गोष्ट 'पायोनियर'मध्ये छापली. दहा वर्षांनी, २००६ साली, अनिल चमडिया, योगेंद्र यादव आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी केली. त्यात ७१ टक्के जागा उच्चवर्णीय हिंदू पुरुषांकडे होत्या. स्त्रिया होत्या १७ टक्के. दलित आणि आदिवासी मिळून एकही नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या अहवालाने हेच चित्र पुन्हा मांडले. वृत्तसंस्थांमधल्या नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींची एकही व्यक्ती त्यात नव्हती.

तेवीस वर्षांत देशात सरकारे बदलली, वाहिन्या शेकड्याने वाढल्या, इंटरनेट आले, मोबाईल आला. पण बातमी कोणती छापायची हे ठरवणारी खुर्ची बदलली नाही. राजकारणाच्या पानावर ही एकांगी नजर वाचकाला निदान कळते तरी. सिनेमाच्या पानावर ती कळतही नाही, कारण ते पान सगळे जण 'निव्वळ करमणूक' म्हणून वाचतात.

करमणूक कोणाची, नोंद कोणाची?

आता चळवळीतल्या ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे येऊ. या महाराष्ट्रात करमणुकीचे क्षेत्र उभे केले ते कोणी? तमाशाचा फड, ढोलकी, शाहिरी, जलसा ही आपल्याच माणसांची कमाई आहे. मांग समाजात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर यांनी राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. पण त्यांचा शेवटचा काळ हलाखीत गेला आणि २००२ साली त्यांचे निधन झाल्यावर दवाखान्याचे बिल देणग्यांमधून भागवावे लागले. मग २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार सुरू झाला. जिवंतपणी उपेक्षा आणि मेल्यावर पुरस्कार! फडाचा हिशेब कसा होतो, कलावंतिणीच्या हाती रात्रीचे किती पडतात, बाळंतपणात तिला सुट्टी मिळते काय, म्हातारपणी तिला कोण पाहते, हे प्रश्न सिनेमा-नाटकाच्या पानाचेच आहेत. ते विचारणारी माणसे त्या पानावर नसतील तर ते विचारले जाणार नाहीत, एवढी साधी ही गोष्ट आहे.

ताजे उदाहरण पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या जीवनावरचा 'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी प्रदर्शित व्हायचा होता. आक्षेप निघाले, सेन्सॉर मंडळाने जातींची नावे आणि जातिव्यवस्थेविषयीचा मजकूर यांत बदल करायला सांगितले आणि चित्रपट २५ एप्रिलवर गेला. ही बातमी 'फुले वादाच्या भोवऱ्यात' एवढ्या मथळ्यात उरकता येते. पण जिला जातीचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागलेला नाही अशी बातमीदार मंडळाचे पत्र मिळवील, कोणता शब्द काढला आणि त्या जागी कोणता घातला ते ओळीने मांडील आणि विचारील की ज्या व्यवस्थेशी जोतीराव लढले तिचे नावच काढले तर ते लढले कोणाशी? तसेच सरकारच्या पैशातून तयार झालेला, मामूटी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट तामिळमध्ये पडद्यावर यायला २०१० साल का उजाडावे लागले, हाही सिनेमाच्या बातमीदारानेच लावून धरण्याचा प्रश्न होता.

भानगडीपलीकडची बातमी

सिनेमा हा हजारो कामगारांचा कारखाना आहे. या कारखान्यात बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून युनियनचे कार्ड मिळत नव्हते. बाईने केशभूषा करावी, चेहरा रंगवायचे काम पुरुषाचे, असा नियमच होता! चारू खुराना न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाविरोधी ठरवली. म्हणजे बाबासाहेबांच्या घटनेने दिलेला समतेचा हक्क मेकअपच्या खोलीपर्यंत पोहोचायला चौसष्ट वर्षे लागली.

केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला. मल्याळम सिनेमातल्या स्त्रिया संघटित झाल्या आणि सरकारला न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमावी लागली. डिसेंबर २०१९ मध्ये समितीने अहवाल दिला आणि सरकारने तो कपाटात ठेवला. पत्रकार माहितीच्या अधिकाराखाली भांडले तेव्हा कुठे ऑगस्ट २०२४ मध्ये, काही भाग वगळून, तो जनतेसमोर आला. लैंगिक शोषणाबरोबरच सेटवर स्त्रियांना संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही, ही गोष्टही त्यात होती. संडास नसणे म्हणजे काय, हे वस्तीतल्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत हार्वी वाइनस्टीन या बलाढ्य निर्मात्याची कृष्णकृत्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून उघडकीला आणली ती जोडी कँटर आणि मेगन टूही या दोन स्त्री-पत्रकारांनी. त्या कामाला पुढल्या वर्षी पुलित्झर पुरस्काराचा मान मिळाला. ही सगळी मनोरंजन क्षेत्राचीच पत्रकारिता आहे. याला भानगडी कोण म्हणेल?

मुलींनी काय करावे?

आता थोडे व्यवहाराचे बोलू. या क्षेत्रात यायचे तर पहिली पुंजी म्हणजे अभ्यास. नुसते सिनेमे पाहून भागत नाही. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा काय सांगतो, सेन्सॉरचे प्रमाणपत्र कसे मिळते, निर्माता, वितरक आणि चित्रपटगृह यांच्यात तिकिटाचे पैसे कसे वाटले जातात, हे जिला समजते तिला कचेरीत सहज बाजूला सारता येत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे चित्रपट रसास्वादाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांची माहिती जरूर काढावी.

दुसरे, भाषा. इंग्रजी शिकावेच, त्यात हयगय नको. पण आपली मराठी, आपल्या वस्तीची बोली यांची लाज बाळगू नये. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' आणि 'सैराट' करमाळ्याच्या मातीतल्या बोलीत केले आणि सबंध महाराष्ट्राने ते पाहिले.

तिसरे, माणसे. नटाची मुलाखत मिळते ती त्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या मर्जीने. एक कडक ओळ छापली की ती मर्जी संपते. म्हणून नटाच्या मर्जीवर कारकीर्द उभी करू नये. स्पॉटबॉय, लाइटमन, ज्युनिअर आर्टिस्ट, शिवणकाम करणाऱ्या बाया, संकलकाचे मदतनीस यांच्याशी ओळख ठेवावी. खरी बातमी तिथे असते आणि ही माणसे बहुधा आपलीच असतात. प्रस्थापित घरातल्या बातमीदाराला त्यांच्यापर्यंत पोहोचायला जो वेळ लागेल, तो आपल्या मुलीला लागणार नाही. ज्या गोष्टीला आपली उणीव म्हटले जाते तेच इथे भांडवल आहे.

चौथे, पाकीट आणि भेटवस्तू. २००३ साली टाइम्स समूहाने 'मीडियानेट' काढून पुरवणीतला मजकूर पैसे घेऊन छापण्याचा राजमार्गच खुला केला. तेव्हापासून या पानावर बातमी कुठली आणि जाहिरात कुठली हे वाचकाला कळेनासे झाले. आपल्या मुलीने या वाटेला जाऊ नये. नाव एकदा विकले की परत विकत घेता येत नाही.

पाचवे, कायदा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक कचेरीत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असे २०१३ चा कायदा सांगतो. रात्रीचा खेळ पाहून घरी परतायची सोय कोणी करायची, लेखाचे पैसे कधी मिळणार, हे कामाला लागण्याआधी विचारावे. असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणि कोणी दारच उघडले नाही तर? तर आपले दार आपण बांधावे. बुंदेलखंडात २००२ साली 'खबर लहरिया' सुरू झाले, ते दलित आणि ग्रामीण स्त्रियांनी चालवले. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. २०२१ साली मीना कोतवाल यांनी बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चे नाव घेऊन नव्या माध्यमात पत्र सुरू केले.

आपली परंपरा

आपल्या मुलींना लेखणी नवी नाही. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाचा निबंध लिहिला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सत्यशोधकांच्या 'दीनबंधू'चे संपादकपद तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर समर्थपणे चालवले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक बहुजन बाई संपादक होऊ शकते, तर आज आपली मुलगी सिनेमाच्या पानाची प्रमुख का होऊ नये?

पण हे एकट्या मुलीच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. आईबापांनी 'सिनेमाच्या नादाला लागली' असे म्हणून तिचे पाय मागे ओढू नयेत. चळवळीच्या पत्रांनीही या पानासाठी एजन्सीचे आयते फोटो वापरण्याऐवजी आपल्या मुलींना ते पान चालवायला द्यावे आणि त्याचा मोबदला, थोडा का होईना, दर महिन्याला वेळेवर द्यावा. समाजकार्याच्या नावावर फुकट लिहून घेतलेल्या मुली दोन वर्षांनी कॉल सेंटरमध्ये जातात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मग आपल्याला उरत नाही.

पडद्यावर आपली माणसे आता दिसू लागली आहेत. त्यांच्याविषयी लिहिणारी लेखणीही आपल्या मुलीच्या हाती असली पाहिजे. कारण पडद्यावरचे चित्र दोन-अडीच तासांत संपते, पण त्याविषयी जे लिहिले जाते तेच पुढच्या पिढीसाठी इतिहास म्हणून उरते.