खोकला : घरचे उपाय आणि दवाखान्याची वेळ

जमाखर्चाच्या पानांशेजारी खोकल्यासारख्या साध्या विषयाला जागा देण्याचे कारण असे, की आमच्या बाह्यरुग्ण विभागात या तक्रारीबाबत दोन्ही टोकांच्या चुका दिसतात. घरी बरा होणाऱ्या खोकल्यासाठी औषधांच्या बाटल्या रित्या होतात, आणि ज्याची तपासणी त्वरित व्हावी तो खोकला महिनोन्‌महिने काढ्यावर ढकलला जातो.

खोकला हा मुळात शत्रू नव्हे. श्वासमार्गातील कफ व धूळ बाहेर टाकण्याची ती शरीराची योजना आहे. पडशानंतरचा खोकला बहुधा विषाणूंमुळे येतो. त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. कोमट पाणी, आले-तुळस-गवती चहाचा काढा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि रात्री चमचाभर मध यांनी घशाला आराम पडतो. मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, बाळगुटीतूनही नाही. त्यातून बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण घातक आजार संभवतो. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो. मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवून वाफारा देणेही टाळावे, कारण पातेले कलंडते. उदबत्ती, धूप, चुलीचा धूर खोल्यांबाहेर राहिला तर निम्मे काम झाले, असे आम्हांस वाटते.

बाटलीतल्या औषधांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन बालके दगावली. दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांतही ती सहसा टाळावीत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वर्षी दिली. शेजारच्या मुलाला लागू पडलेली बाटली आपल्या मुलासाठी आणू नये.

मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांच्या आत ४० किंवा अधिक श्वास भरले, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, ओठ निळसर झाले किंवा मूल दूध घेईनासे झाले, तर रात्र असली तरी थांबू नये. मोठ्या माणसांत धाप, छातीत दुखणे वा कफात रक्त दिसणे यांना तीच घाई लागू आहे.

आम्हांस सर्वांत अधिक खंत वाटते ती ‘बिडीचा खोकला’ म्हणून दुर्लक्षिलेल्या आजोबांची. त्यांच्याच मांडीवर नातवंडे खेळत असतात. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला प्रत्येक खोकला क्षयाचा नसतो. दमा, आम्लपित्त, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही तो रेंगाळतो. तरीही क्षयासाठी थुंकी तपासलीच पाहिजे. सरकारी केंद्रांत ही तपासणी व उपचार विनामूल्य होतात, आणि नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय साधारण सहा महिन्यांच्या नियमित उपचाराने बरा होतो. नमुना सकाळी, चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकून द्यावा. डबीत लाळ नव्हे, छातीतला बेडका हवा.